एक तरी जिवंत जनावर

डोळ्यांच्या डॉक्टरनं चांगली बातमी आधी सांगितली. या देशात तशी पद्धतच आहे. "तुम्ही पूर्ण आंधळे होणार नाही," तो म्हणाला. मग दुसरी बातमी: कडा राहतील, मधलं जाईल. टेबलावर प्लास्टिकचा एक मोठा डोळा होता, फळासारखा दोन फाकांत उघडणारा. त्याच्या आतल्या बाजूला पेन टेकवून त्यानं दाखवलं की नेमकं काय झिजतंय. माझ्या नवऱ्यानं तो डोळा हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि विचारलं, "म्हणजे माणूस दिसेल, पण तोंड दिसणार नाही?"

"अगदी बरोबर."

"काही माणसांच्या बाबतीत चालेल," नवरा म्हणाला.

डॉक्टर हसला नाही. त्याला बहुधा पुढचा पेशंट दिसत होता.

मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे औषध आहे का, हे विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. त्या प्रकारावर नव्हतं. एक डोळा बराचसा गेलेला होता. दुसरा अजून चालत होता आणि तो किती चालेल, यावर सगळे फार सभ्यपणे गप्प होते.

घरी येताना गाडी मी चालवत होते. लीड्सच्या रिंग रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "मला या देशातली जनावरं बघायचीत."

"कुठली?"

"इथली, मूळची. एक तरी जिवंत जनावर, मोकळं, कुणाच्या मालकीचं नसलेलं. नीट, समोरून. मधलं जायच्या आत."

मला वाटलं होतं, तो अजिंठा म्हणेल, किंवा त्याच्या आईचं गाव. पण मी फार चकित झाले असंही नाही. यामागे काय आहे ते मला ठाऊक होतं. त्याच्या आजोबांचं गावातलं काम म्हणजे मेलेली जनावरं ओढून नेणं. काम म्हणजे नोकरी नव्हे, जन्माबरोबर आलेलं. बैल मेला की पाटलाचा माणूस वस्तीच्या तोंडाशी यायचा आणि आत पाऊल न टाकता ओरडायचा, "बैल पडलाय, उचलायला या." आजोबा दोर घेऊन निघायचे. मग चळवळ गावापर्यंत पोचली आणि एका उन्हाळ्यात आजोबा हाकेला उठले नाहीत. गावानं पाणी तोडलं, पिठाची गिरणी बंद केली. बैल कुजत राहिला. शेवटी पाटलाच्याच घरच्यांनी नाकाला फडकी बांधून तो ओढला. ही गोष्ट माझ्या नवऱ्यानं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की त्याला त्या बैलाचा रंगसुद्धा माहीत होता. "आमच्या घराण्याचा जनावरांशी संबंध," तो म्हणायचा, "ती मेल्यावर सुरू व्हायचा."

तर आता त्याला जिवंत हवं होतं.

इथं एक खुलासा. लिहिताना मी त्याला अरेतुरे करते, समोर मात्र अहो-जाहो. आमच्या लग्नात स्त्री-पुरुष समतेवर एक लांबलचक भाषण झालं होतं. ते संपेपर्यंत जेवण गार झालं आणि मग मी त्याला पहिल्यांदा हाक मारली ती 'अहो, वाढून घेता ना?' अशी. तेच राहिलं.

सबंध नोकरी त्यानं कौन्सिलमध्ये गटारांचा इंजिनीयर म्हणून केली. आमच्या इथल्या बौद्ध मंडळातले लोक ओळख करून देताना 'वॉटर मॅनेजमेंट' म्हणायचे. तो दुरुस्ती करायचा: गटारं. त्या गटारांत त्याला उंदीर-घुशी भेटल्या होत्या. कचऱ्याच्या बिनपाशी कोल्हे भेटले होते. परसात करड्या खारी येत, पण त्या अमेरिकेतून आणलेल्या. त्यांनी इथल्या लाल खारींना हुसकावलं म्हणून शेजारचे गृहस्थ त्यांचा इतका द्वेष करत की मला कधीकधी आपण खारींबद्दलच बोलतोय ना, अशी शंका यायची. लीड्सच्या उत्तरेला शेतांवर लाल घारी तरंगताना दिसतात. त्या बघायला लोक फोल्डिंग खुर्च्या घेऊन जातात. नवऱ्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "ही तर घार." आमच्याकडे ती मटणवाल्याच्या दुकानावर बसते आणि तिच्याकडे कोणी खुर्ची टाकून बघत नाही. पुढे पाटीवर वाचलं की इथल्या घारी माणसांनी मारून संपवल्या होत्या, आणि या दुसरीकडून आणून सोडल्या आहेत. "म्हणजे ह्याही आपल्यासारख्याच," तो म्हणाला, "व्हिसावर." घार मोजायची नाही असं ठरलं.

'नेटिव्ह' या शब्दाची मला गंमत वाटते. इंग्रज आमच्याकडे होते तेव्हा ती शिवी होती. इथं परत येऊन त्यांनी तोच शब्द धुऊन, इस्त्री करून झाडाझुडपांना आणि पाखरांना बहाल केला. आता तो फलकांवर असतो, पितळी अक्षरांत.

पहिली सहल साउथहॅम्प्टनला झाली, वसंताच्या सुरुवातीला. नवऱ्याचा होस्टेलपासूनचा मित्र तिथं डॉक्टर आहे. त्याच्या घरापासून जवळच न्यू फॉरेस्ट नावाचं जंगल आहे. त्याला 'न्यू' का म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही, कारण ते फार जुनं आहे. तिथं ॲडर नावाचा साप असतो, या देशातला एकुलता एक विषारी साप. थंडी सरली की तो उन्हाला येऊन पडतो.

"साप?" मित्र दारातच म्हणाला. "अर्धा देश ओलांडून साप बघायला आलास? अरे, आपल्या होस्टेलच्या न्हाणीघरात होता की. तेव्हा तू टॉवेलवर पळाला होतास."

"तेव्हा मला दिसत होतं. आता दिसत नाही, म्हणून धीट झालोय."

मित्र चहाचं काय, साखर किती, असं बोलू लागला. डॉक्टर माणसं दुसऱ्याच्या आजाराबद्दल हॉस्पिटलात फार छान बोलतात. घरी त्यांना साखर आठवते.

जंगलात आधी घोडी दिसली. तपकिरी, केसाळ, रस्त्याच्या मधोमध उभी आणि मोटारींना अजिबात न जुमानणारी. नवऱ्यानं गाडी थांबवायला लावली. खाली उतरला, दोन पावलांवर जाऊन उभा राहिला. चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, झालं, आपलं काम पहिल्याच सकाळी झालं.

"रानटी आहेत ना?" त्यानं विचारलं.

"छे," मित्र म्हणाला. "सगळ्यांना मालक आहेत. शेपटी कशी कातरलीय बघ, त्यावरून कळतं कुठल्या भागातली ते."

नवरा गाडीत येऊन बसला. "या देशात मालक नसलेलं काय आहे?"

"पाऊस," मित्र म्हणाला.

साप असलेली एक जागा होती, गोल भिंतीच्या आत, वरून वाकून बघायची. नवरा वाकलाच नाही. कुंपणातला नको. मग आम्ही मोकळ्या माळावर गेलो. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, मऊ ऊन, आणि एक पाटी: 'ॲडर आढळतात. कुत्रे साखळीनं बांधा.' कुत्रे मोकळे होते. त्यांची विष्ठा छोट्या काळ्या पिशव्यांत भरून, गाठ मारून, मालकांनी ती काट्यांवर लटकवून ठेवली होती, देवाच्या झाडाला नवसाच्या पुड्या बांधाव्यात तशी. आम्ही झुडपांखाली डोकावत फिरलो. मित्र पुढे, पाय आपटत. साप पायाच्या हादऱ्यानंच निघून जातात हे त्याला नक्की ठाऊक असणार. तो आमच्या काळजीपोटी पाय आपटत होता की स्वतःच्या, हे मी विचारलं नाही. दिवस मावळला. साप दिसला नाही. पाटी मात्र नवऱ्यानं स्वतः वाचली, मोठ्यानं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि आम्ही दोघांनी ती ऐकली.

मग वैशाख आला.

बुद्धपौर्णिमा आठवड्याच्या मध्ये आली की आम्ही ती रविवारी साजरी करतो. इथला चंद्र अजून ऑफिसच्या वेळा शिकलेला नाही. भाड्याचा कम्युनिटी हॉल, आधीच्या रात्रीच्या कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे छताला चिकटलेले, आणि त्याखाली आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदनेला पांढरंच नेसायचं, हा आमचा रिवाज. मी पांढरी साडी, नवरा पांढरा कुर्ता-पायजमा. त्रिशरण, पंचशील, खीर, मग भाषणं. भाषणांत आमचे लोक कुणाला हार जात नाहीत.

त्याच दिवशी दुपारनंतर, लीड्सबाहेरच्या एका पाणथळ जागी, नव्या हाइडचं उद्घाटन होतं. पूर्वी तिथं कोळशाच्या उघड्या खाणी होत्या. आता त्या खड्ड्यांत पाणी भरलंय, बोरू उगवलाय आणि बगळे येतात. हाइड म्हणजे पाण्याच्या काठची लाकडी खोपी. आत बसायचं आणि फटीतून बाहेर बघायचं. तिथं पाणमांजराची मादी दोन पिलांना घेऊन रोज संध्याकाळी समोरच्या काठावर येते, अशी बातमी नवऱ्याला लागली होती. पाणमांजर म्हणजे इथलंच, मूळचं. मधे या भागातून ते पार नाहीसं झालं होतं, पण कुणी पिंजऱ्यातून आणून सोडलं नव्हतं. आपलं आपण, नद्यानाल्यांच्या वाटेनं परत आलं होतं. त्या नाल्यांतल्या काहींचं पाणी साफ करण्यात नवऱ्याचा हात होता. तो हे कुणाला सांगत नसे. मला मात्र त्यानं त्या आठवड्यात दोनदा सांगितलं.

हॉलमधून निघताना मी म्हटलं, "कपडे बदलून जाऊ या का?"

"घरी जाऊन परत यायचं तर उशीर होईल. आणि पाणमांजराला काय कळतंय, बौद्ध कोण आणि कोण नाही?"

हे त्याचं बोलणं मला तेव्हा पटलं. गाडीत आम्ही दोघंही हसलो.

उद्घाटन एका लॉर्डसाहेबांच्या हस्ते होतं. हिरवी फीत, उशीवर कात्री, पितळी पाटीवर पडदा. साहेबांनी 'आपल्या नेटिव्ह वारशा'वर भाषण केलं. असल्या घराण्यांत एकेकाळी पाणमांजरामागे कुत्रे सोडायचा छंद असे, पण समारंभात असं आठवायचं नसतं. मला घरच्यासारखं वाटत होतं. फक्त शाल आणि श्रीफळ नव्हतं, तरी श्रीफळ आता आमच्याकडेही नसतं. साहेबांचं भाषण आमच्या अध्यक्षांपेक्षा थोडं लहान आणि तितकंच पोकळ होतं. मग पाहुणे मोटारींकडे गेले आणि खरे बघे, दुर्बिणी आणि थर्मास घेऊन, हाइडकडे निघाले. आम्ही जरा मागे राहिलो, कारण वाट खडबडीत होती आणि नवरा पाय जपून टाकत होता.

ही वाट पाण्याच्या कडेनं, उघड्या बांधावरून जाते. आम्ही त्या बांधावर चढलो तेव्हा ऊन आमच्यावर तिरकं पडलं होतं. मागे निळं आकाश. एक राखी बगळा घशातून खरखरीत ओरडत उठला, त्यामागून बदकं उठली आणि सगळ्या पाण्यावर फडफडाट झाला. आम्ही थांबलो. आम्हाला वाटलं, काहीतरी सुरू होतंय.

हाइडमध्ये शिरलो तेव्हा आतले सगळे वळून आमच्याकडे बघत होते. हिरवे, तपकिरी, मातकट कपडे, आणि आम्ही दोघं, नुकताच चुना दिलेल्या भिंतीसारखे.

"आत्ताच होती," एक म्हातारा हळूच म्हणाला. "तिघंही. मासा खात होती." त्यानं आमच्या कपड्यांकडे पाहिलं नाही. फार प्रयत्न करून पाहिलं नाही.

मग हिरवं जाकीट घातलेली स्वयंसेवक बाई जवळ आली. आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, "जमलं तर जरा गडद कपडे. पांढरं फार लांबून दिसतं. पक्षी उठले की पाणमांजर सावध होतं."

"सॉरी," नवरा म्हणाला. "आज आमचा सण आहे."

"ओ, हाऊ लव्हली. नॉट टु वरी." या देशात हे वाक्य ऐकलं की काळजी करायला सुरुवात करावी.

आम्ही अंधारून येईपर्यंत बसलो. समोरच्या काठावर अर्धवट खाल्लेला मासा पडला होता. तो मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होता. नवऱ्यानं दुर्बीण लावली, बराच वेळ लावून ठेवली, आणि म्हणाला, "मासा दिसला." मादी पुन्हा आली नाही. गाडीत तो एकच वाक्य बोलला: "पंचशीलात कपड्यांचा रंग कुठं लिहिलाय?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्यानं मान हलवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चालत्या डोळ्यात आत रक्त आलं. सकाळी तो न्याहारीला बसला आणि म्हणाला की दाराची चौकट वाकडी झालीय. चौकट सरळ होती. या रक्तावर मात्र औषध होतं. हॉस्पिटलनं लगेच डोळ्यात इंजेक्शनं सुरू केली, चांगली केली, पण इंजेक्शन पुढचं थांबवतं, गेलेलं आणत नाही. जूनमध्ये त्याला मधोमध राखेचा एक डाग दिसू लागला. तो नेमका तिथंच असायचा जिथं तो बघेल. एका क्लिनिकमध्ये एका तरुण बाईनं त्याला तिरकं बघायला शिकवलं. वस्तूकडे बघायचं असेल तर तिच्या शेजारी बघायचं, मग ती डागातून बाहेर येते. तो घरात सराव करायचा. माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघायचा. मला आधी वाटायचं, रागावलाय.

नॉर्थम्बरलंडला लाल खारी बघायला जायचं ठरवलं होतं. त्याबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. तिरक्या नजरेला खार सापडत नाही.

तेव्हा एडिनबराहून लेकीचा फोन आला. ती तिथं फायनान्समध्ये आहे. जन्म लीड्सचा, मराठी आमच्याकडून कानावर पडलेलं तेवढं. "बाबा, इकडे या. गॅनेट बघू. खूप मोठी पक्षी आहे, एकदम व्हाइट. अख्खा आयलंड व्हाइट दिसतो. तुम्हाला दिसेल." तिनं फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "पांढरं फार लांबून दिसतं." आणि बॅग काढायला जिन्याकडे गेला.

गॅनेट समुद्रपक्षी आहे, आपल्या बदकापेक्षा पुष्कळ मोठा. एडिनबराच्या पूर्वेला समुद्रात बास रॉक नावाचा एक कातळ आहे. उन्हाळ्यात त्यावर ते इतके दाटीनं बसतात की काळा दगड पांढरा दिसतो. बोटीतून त्याला वळसा घालता येतो. मी वाचलं होतं की त्या वर्षी समुद्रपक्ष्यांत फ्लूची साथ आहे. वाचलं, आणि नवऱ्याला सांगितलंही. तो म्हणाला, "आपल्यालाही आली होती. आपण गेलो का?" आमच्या मंडळातली काही माणसं गेली होती. पण त्याचा मुद्दा मला समजला.

आम्ही पोचलो त्या दिवशी वाऱ्यामुळे बोट रद्द झाली होती. धक्क्यावरून कातळ दिसत होता.

"पांढरा आहे?" त्यानं विचारलं.

"वर थोडा. मधे मधे उघडा पडलाय."

"उघडा म्हणजे?"

"म्हणजे दगड दिसतोय."

मी घरात खोटं बोलत नाही. हे काही मोठेपण नाही. तो तसं पकडायचा, आणि डोळे गेल्यापासून जास्तच पकडू लागला होता.

लेक म्हणाली, आलोच आहोत तर किनाऱ्यावर चालू या. मी माझी पांढरी ओढणी गळ्यात घेतली होती, त्यानंच सांगितलं होतं म्हणून. आता मी कुठं आहे ते त्याला त्यावरून कळायचं. वाळू ओली होती, ओहोटी. भरतीनं जिथंवर शेवाळ आणून टाकलं होतं, त्या रेषेवर लांबवर पांढरे ढीग दिसत होते.

"पिशव्या आहेत का गं?" नवऱ्यानं विचारलं. "कचरा?"

"नाही. पक्षी."

"बसलेत?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मेलेत."

तो थांबला. वारा त्याचं जाकीट फुगवत होता. त्यानं मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला, ढीग डागाबाहेर आणत. किती आहेत ते विचारलं नाही. "बरं," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "संबंध सुरू झाला म्हणायचा."

"बाबा, परत जाऊ या का?" लेक म्हणाली. "हात नका लावू हां, तिकडे साइन लिहिलीये."

"मी का हात लावू? आमच्यात बंद झालंय ते."

तिला ते कळलं नाही. परत वळलो तेव्हा मला तो दिसला. वाळूच्या उंचवट्याखाली, गवताच्या आडोशाला, एक गॅनेट बसला होता. बाकीच्यांसारखा पसरलेला नाही, बसलेला. मी बघत असताना त्यानं डोकं उचललं.

"अहो," मी म्हटलं. "एक जिवंत आहे."

"कुठं?"

मी त्याचा खांदा धरून त्याला वळवलं. पाटीवर लिहिलं होतं त्याहून जास्तच अंतर आम्ही ठेवलं. त्यानं आधी सरळ बघितलं, सवयीनं, आणि अर्थातच तिथं राख होती. मग पक्षी बघण्यासाठी त्यानं तोंड समुद्राकडे केलं. कुत्रा घेऊन चाललेल्या एका जोडप्याला वाटलं असेल, ह्या माणसाला ते बघवत नाहीये.

मान थोडी थोडी वळवत तो पक्षी डागाबाहेर आणू लागला. मी काही सांगितलं नाही. मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं.

"डोकं पिवळं आहे," तो म्हणाला. "हळद लागल्यासारखं."

"हो."

"पंखांची टोकं काळी."

"हो."

"चोच करडी. लांब आहे. चोचीवर रेघा आहेत का?"

मी दुर्बीण लावून बघितलं. होत्या. मलाच त्या आधी दिसल्या नव्हत्या.

"हलत नाही म्हणून सापडतोय," तो म्हणाला. "नाहीतर कधीच सापडला नसता." हे तो आनंदानं म्हणाला असं मी लिहिलं तर चूक होईल, आणि दुःखानं म्हणाला असं लिहिलं तरी. गटाराचा अडकलेला पाइप मोकळा झाल्यावर तो असा बोलायचा.

"डोळे कसे आहेत? तेवढे दिसत नाहीत."

"फिके निळे. भोवती निळं कडं."

पुढच्या वर्षी माझ्या वाचनात आलं की साथीतून जे गॅनेट वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांचे डोळे काळे झालेत. का, ते नक्की माहीत नाही. मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, दिसतं का त्यांना? मी म्हटलं, मासे पकडतात. "मग झालं," म्हणाला.

लेकीनं पाटीवरच्या नंबरला फोन लावला आणि फार चांगल्या इंग्रजीत, कोणता किनारा, कोणता पक्षी, जिवंत की मेलेला, ते सांगितलं. पण माणसं आली ती त्या फोनमुळे नव्हे. ती आधीच किनाऱ्यावर काम करत होती आणि आमच्यापर्यंत पोचली एवढंच. दोघं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कागदी पोशाख, मास्क, हातमोजे, लांब चिमटे, पिवळ्या पिशव्या. नवऱ्याला त्यांचं पांढरं दिसलं आणि त्यानं मला विचारलं, "हे कोण? वंदनेला चाललेत का?"

त्यांतला एक, आमच्याच वयाकडे झुकलेला, जवळ आला. बोलण्यावरून स्कॉटिश नव्हता. उच्चार पूर्व युरोपातल्या कुठल्यातरी देशाचे. लेकीनं त्याला बसलेला पक्षी दाखवला.

"हा जिवंत आहे," तो म्हणाला. "आम्हाला फक्त मेलेले सांगितलेत."

"मग ह्याचं काय?"

"परत येताना बघू." त्यानं वाळूच्या त्या टोकाकडे हात केला, जिथं त्यांची व्हॅन उभी होती.

नवऱ्यानं विचारलं, "हे काम तुमच्याकडे कसं आलं?"

"एजन्सीचा फोन आला."

"नाही म्हणता येतं?"

माणसानं जरा विचार केला. प्रश्न त्याला अगदी नवीन नसावा. "येतं की. मग पुढच्या वेळी फोन येत नाही."

तो चिमटा घेऊन पुढे गेला. वाकून एक उचलला, पिशवीत घातला, मग दुसरा. पंख पिशवीत मावत नव्हते. तो ते गुडघ्यानं दाबून मिटवत होता. नवरा तोंड समुद्राकडे करून ते बघत होता.

"चला ना बाबा, थंडी वाजतेय," लेक म्हणाली.

"तू गाडीत बस. आम्ही येतो."

आम्ही एका वाहून आलेल्या ओंडक्यावर बसलो. तो पक्ष्याला नजरेच्या कडेला धरून होता. अधूनमधून डाग सरकला की विचारायचा, "आहे?" मी म्हणायचे, "आहे." पक्षी डोकं उचलायचा, थोडं हलवायचा, जणू पाण्यातून वर आलाय, आणि पुन्हा खाली ठेवायचा. मागे कातळावरून उडालेले चांगले गॅनेट लांबवर समुद्रात सूर मारत होते. पंख मिटून, सरळ, वरून खाली. ते त्याला दिसत नव्हते. मी सांगितलंही नाही. त्याला त्यांच्याबद्दल विचारायचं नव्हतं.

मग एकदा त्यानं विचारलं, "आहे?" आणि मी बघितलं. डोकं वाळूत टेकलं होतं, बाजूला, चोच थोडी उघडी. पंखाची पिसं हलत होती, पण ती वाऱ्यानं. मी थोडा वेळ थांबले. खात्री करून घेतली.

"नाही," मी म्हटलं.

तो उठला, पँटची वाळू झटकली आणि माझी ओढणी शोधली. "चल."

व्हॅन वाटेतच होती. तो माणूस मागच्या दारापाशी उभा राहून मास्क खाली ओढून पाणी पीत होता. नवरा त्याच्याजवळ थांबला आणि सांगितलं, तिकडे, गवताच्या आडोशाला, तो बसलेला होता ना, तो गेला. माणसानं आभार मानले, बाटली ठेवली, मास्क वर केला आणि चिमटा घेऊन निघाला.

गाडीत लेकीनं हीटर लावला. एडिनबराचा रस्ता लागला. ती आरशातून बापाकडे बघत होती.

"बाबा, तुम्हाला दिसला ना पण? प्रॉपर दिसला ना?"

"दिसला. चांगला दिसला."

"मग?"

तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, म्हणजे आमच्याकडे बघत होता.

"आजोबांना सांगायला पाटलाचा माणूस यायचा," तो म्हणाला. "बैल पडलाय, उचलायला या. आज मी गेलो सांगायला."

लेकीनं विचारलं, "पाटील कोण?"

त्यानं सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून, बैलाच्या रंगापासून.